ऐरणीची बैठक

चि. बाळ,

घरामागे छोटी भट्टी मांडून तू लोहारकाम शिकायला घेतलंस, याचा मला मनापासून आनंद आहे. स्वस्तातली ऐरण घेतलीस, त्यातही काही वावगं नाही. पण तिच्या माथ्यावर पोलादी पट्टी वेल्ड करून ती सुधारायचा बेत मात्र सोडून दे. अशा ऐरणीत माथ्यावर सुधारण्यासारखं फार थोडं असतं. सुधारायची असते ती तिची बैठक.

आधी ती कशाची आहे ते ठरव. तळाच्या कोपऱ्याला क्षणभर ग्राइंडर टेकव. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस उडतात, पोलादाच्या लांब आणि उजळ. मग बेअरिंगचा छर्रा 10 इंचांवरून माथ्यावर सोड. चांगल्या पोलादी ऐरणीवरून तो 7-8 इंच परत येतो, बिडावरून जेमतेम 2-3 इंच. बीड निघालं तर वेल्डिंगचा प्रश्न तिथेच मिटतो. बिडात 2 ते 4 टक्के कार्बन असतो, त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळचा भाग काचेसारखा कडक होतो आणि निवताना तडकतो. निकेलचे रॉड वापरून, अख्खी ऐरण आधी तापवून सांधा धरलाच, तरी पट्टी फक्त कडेने चिकटते. मध्ये पोकळी राहते आणि तू घाव घालणार नेमका तिथेच. अमेरिकेतली फिशर कंपनी 19व्या शतकात बिडाच्या अंगावर पोलादी माथा बसवत होतीच की, असं तू म्हणशील. खरं आहे, आणि त्या ऐरणी उत्तम निघाल्या. पण तिथे पोलादी पट्टी साच्यात ठेवून तिच्यावर वितळलेलं बीड ओतत, म्हणून सांधा सगळ्या पृष्ठभागावर एकजीव होई. घरी ते जमणारं नाही. आणि ऐरण ओतीव पोलादाची निघाली, तर वेल्डिंगच्या आचेने तिचा आहे तो कडकपणाही उतरेल. तिला पुन्हा पाणी द्यायचं म्हणजे सगळा जड ठोकळा 800 अंशांच्या आसपास सारखा तापवून पाण्याच्या मोठ्या झोताखाली धरावा लागेल.

आता वजनाचा हिशेब पाहा. ऐरण मोकळी ठेवलेली आहे आणि हातोडा उसळत नाही असं धरलं, तर 1 किलोच्या हातोड्याच्या घावातली सुमारे 91 टक्के शक्ती 10 किलोच्या ऐरणीवर तापल्या लोखंडाच्या कामी येते. 25 किलोच्या ऐरणीवर 96 टक्के, 50 किलोच्या ऐरणीवर 98. म्हणजे 25 किलोंच्या पुढे वजन दुप्पट केलं तरी हाती लागतात दोनच टक्के. जे वाया जातं ते ऐरण हलवण्यात जातं, आणि खरं नुकसान त्या हलण्यातच आहे: माथा कलतो, पुढचा घाव तिरका पडतो, मनगट दुखायला लागतं. घिसाड्यांची ऐरण पाहिलीस तर हे पटेल. आकाराने लहान, ना लांब शिंग ना रुंद माथा, पण लाकडात किंवा जमिनीत घट्ट रोवलेली. तिच्यावर त्यांच्या बायका उभ्याने घण घालतात आणि कुऱ्हाडी, विळे, कोयते तयार होतात. त्या कामाला पुरतं ते घावाच्या बरोबर खाली असलेलं लोखंड आणि त्याची पक्की बैठक.

तरी उसळीचं काय, ही शंका रास्त आहे. कडक माथा हातोडा परत फेकतो, हात कमी थकतो, माथ्याला खड्डे पडत नाहीत. पण पिवळंधमक तापलेलं लोखंड इतकं मऊ असतं की ते बिडालाही इजा करत नाही. इजा करतो तो चुकून रिकाम्या माथ्यावर बसलेला हातोडा आणि थंड लोखंडावर घातलेले घाव. ते दोन्ही टाळ. माथ्यावर एकच काम करण्यासारखं आहे: कडांची धार मोडून 3 ते 6 मिलिमीटरची गोलाई दे. बिडाच्या धारदार कडेचा टवका उडतो, आणि अशी कड घडत्या लोखंडात चीर पाडते. ग्राइंडर हलका चालव. पोलादावर निळा रंग चढला तर तिथलं पाणी उतरलं असं समज.

बैठकीसाठी जुने लोहार ओंडका जमिनीत पुरत. तुझ्या उमेळ्यात ते नको. खाडी आणि मिठागरं जवळ, पावसाळ्यात जमिनीत पाणी, ओंडका कुजेल. त्याऐवजी जाड फळ्यांची 40 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 45 सेंटिमीटर उंच पेटी कर, तळाला भोकं ठेव, पेटीत वाळू दाबून भर आणि बाभळीचा किंवा चिंचेचा ओंडका शिरा उभ्या ठेवून रोव. भरलेली पेटी 100 किलोंच्या आसपास जाते. समुद्रावरची वाळू आणू नकोस, तिच्यातलं मीठ लोखंड खातं. ओंडका आणि ऐरण यांच्यामध्ये सिलिकॉनचा थर देऊन पट्ट्यांनी आवळ. सरळ उभं राहून हात खाली सोडलास की मुठीची बोटं माथ्याला टेकावीत, एवढी उंची धर. वाळू आणि सिलिकॉनमुळे आवाजही पुष्कळ दबतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 आहे, तेव्हा दिवसाच काम कर आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव.

पुढे पोलादी माथा हवासा वाटला तर रुळाच्या तुकड्याच्या मागे लागू नकोस. रेल्वेचा माल बेकायदा बाळगणं 1966च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आडव्या रुळात घावाखाली पातळ पोटच येतं. वालीवच्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये किंवा तिथल्या भंगारात पोलादी गोल सळईचा जाड तुकडा विचार: 125 मिलिमीटर व्यासाचा, 300 मिलिमीटर लांब. वजन 29 किलोच्या आसपास भरेल. पावती घे, दोन्ही तोंडं लेथवर सपाट करून घे आणि तो त्याच पेटीतल्या ओंडक्यात उभा रोव. सगळं वजन घावाच्या खाली येईल. मग आताची ऐरण शिंगावर वाकवण्यासाठी ठेव. दोघींना काम झाल्यावर तेलाचा हात फिरवत जा, आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय पहिला घावही घालू नकोस.

तुझा मामा