तिसरी पिन तोडू नका

मुलाखती ऐकून त्या शब्दशः उतरवून काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. खांदेश्वरच्या घरात दिवसभर संगणकासमोर बसून लोकांचे आवाज ऐकायचे आणि काम संपलं की त्याच खुर्चीत गाणं. हेडफोनमुळे कान घामेजून दुखायला लागले, तेव्हा टेबलावर घरच्या म्युझिक सिस्टिमचे मोठे स्पीकर लावायचं ठरवलं. आवाजाच्या बाबतीत तो निर्णय अगदी योग्य निघाला. पण त्या आवाजातली एक बारीकशी घरघर घालवण्यासाठी आलेल्या वायरमननं जे केलं, त्यातून माझ्या मुलाला विजेचा झटका बसला. म्हणून हे लिहिते आहे. घरून काम करणाऱ्यांची अशी टेबलं आता सगळीकडे झाली आहेत, आणि ही घरघरही सगळीकडे ऐकू येते.

आधी फायद्याचं सांगते, कारण तो खरा आहे. काळी एक पट्टीतल्या तंबोऱ्यात खर्जाची तार साधारण 69 हर्ट्‌झवर बोलते. संगणकासोबत मिळणारे तळहाताएवढे स्पीकर शंभर हर्ट्‌झच्या खाली जवळजवळ मुके असतात. त्यांच्यावर खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, पण ते वरच्या स्वरांवरून मेंदूनं बांधलेलं अनुमान असतं. साडेसहा इंची वूफरच्या जुन्या घरगुती स्पीकरवर मी तोच तंबोरा लावला तेव्हा तार खरोखर वाजली, आणि जवारीची झिलई वेगळी ऐकू आली. कामातही फरक पडला. पंख्याखाली रेकॉर्ड केलेल्या मुलाखतीत 'स' की 'श' हे ठरवायला मला पूर्वी तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकावा लागायचा. तो त्रास बराच कमी झाला.

आमच्या रायगड जिल्ह्यातली कितीतरी माणसं आखातात नोकरीला गेली आणि येताना म्युझिक सिस्टिम घेऊन आली. माझे काका कुवेतला होते. त्यांच्या स्पीकरची जोडी अलिबागच्या घरी माळ्यावर पडून होती. तुमच्याही घरी असं काही असेल तर टाकून देऊ नका, पण लगेच वाजवूही नका. आधी पुढची जाळी काढून पडद्याच्या कडेची गोल पट्टी बोटानं चाचपून बघा. ती फोमची असेल तर कोकणच्या दमट हवेत तिचा भुगा झालेला असण्याची शक्यता फार. रबराची असेल तर बहुधा टिकलेली असते. मग दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा सगळीकडून सारखा, हलकेच आत दाबा. खरखर घासल्याचा आवाज आला तर आतली कॉइल वाकडी झाली आहे असं समजा. मल्टिमीटर असेल तर आठ ओहमच्या स्पीकरवर साधारण सहा ओहम दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर आतली तार तुटली आहे. कडेची पट्टी बदलून देणारे, पडदा नव्याने बसवून देणारे कारागीर अजून आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी केली की पत्ता मिळतो. खांदेश्वरहून हार्बरनं कुर्ला, मग दादर, तिथून पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड. अवजड पेट्या घेऊन ही वारी नको, फक्त स्पीकर उकलून पिशवीत न्यावेत.

एक तपासणी मला फार आवडते. साधा पेन्सिल सेल घ्या आणि त्याची दोन टोकं वायरनं स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलला क्षणभर टेकवा. अधिकचं टोक लालला, उण्याचं काळ्याला. 'टप्' असा आवाज येऊन पडदा बाहेरच्या बाजूला सरकतो. दोन्ही पेट्यांत तो बाहेरच आला पाहिजे. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर जोडणी उलटी आहे. अशा जोडीत दोन्हीकडचे खालचे स्वर एकमेकांना मारतात, खर्ज गायब होतो, आणि गायक समोर मधोमध बसलेला जाणवण्याऐवजी कुठेतरी विखुरतो. कित्येक घरांत मी ही उलटी जोडणी पाहिली आहे. तिथले लोक 'स्पीकर बरे नाहीत' म्हणून नवे घ्यायला निघालेले असतात.

असे स्पीकर संगणकाला थेट जोडून चालत नाहीत, मध्ये अँप्लिफायर लागतो. तो मोठा असायची गरज नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलनं कमी होतो. म्हणजे हॉलमध्ये दहा फुटांवर जे ऐकायचं ते टेबलावर दोन फुटांवर ऐकताना चौदा-एक डेसिबल फुकट मिळतात. आपण एरवी ऐकतो तेव्हा प्रत्यक्षात एक वॅटही खर्च होत नसतो. त्यामुळे खोक्यावर हजारो वॅट पीएमपीओ छापलेलं पाहून भुलू नका. त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. आरएमएस वॅट विचारा, आणि पंधरा-वीस मिळत असतील तर टेबलासाठी भरपूर झाले. अमेरिकेतून कुणी अँप्लिफायर पाठवला असेल तर मागची पट्टी आधी वाचा. तिथली वीज 120 व्होल्ट, आपली 230. तो थेट लावला तर जळणारच. संगणकाच्या मागच्या फिकट हिरव्या भोकातून निघालेली केबल अँप्लिफायरच्या ऑक्सला जाऊ द्या, फोनोला नाही. फोनो हे रेकॉर्ड प्लेयरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं. चालू करताना अँप सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

मांडणीवर मात्र वेळ घालवा, कारण इथे पैसा लागत नाही आणि फरक सगळ्यात मोठा पडतो. माझं टेबल दोन फूट खोल, भिंतीला चिकटवलेलं. स्पीकर त्यावर सरळ ठेवले तेव्हा मुलाखत देणारा माणूस माठात तोंड घालून बोलतोय असं वाटत होतं. भिंत आणि कोपरा खालचे स्वर फुगवतात. पेटीला मागे हवेचं भोक असेल तर आणखीच. मी टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आणि मागच्या भोकांत एकेक जुना सुती मोजा गुंडाळी करून घातला. तेवढ्यानं घुमणं निम्म्याहून कमी झालं. मग पेट्यांखाली जेवणाचे दोन लाकडी पाट ठेवले. पाटाखाली योगा मॅटचे कापलेले तुकडे, म्हणजे हादरा टेबलात उतरत नाही आणि पेटी घसरत नाही. उंच आवाजाचा जो छोटा गोल, म्हणजे ट्वीटर, तो बसल्यावर कानाच्या रेषेत यायला हवा. पेट्यांचं तोंड स्क्रीनच्या पुढच्या कडेशी आणा आणि थोडं आपल्याकडे वळवा. दोन पेट्यांमध्ये जेवढं अंतर तेवढंच प्रत्येकीपासून आपल्या डोक्याचं. उंच, तीन-चार स्पीकरचे टॉवर टेबलाजवळ आणू नका. इतक्या जवळून त्यांचे आवाज एकमेकांत मिसळतच नाहीत. ते हॉलमध्येच शोभतात.

आता त्या घरघरीकडे येते. संगणकाचं थ्री-पिन खिडकीजवळच्या सॉकेटमध्ये होतं, आणि धातूच्या पेटीतला अँप्लिफायर समोरच्या भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटवर, त्यालाही थ्री-पिन. गाणं थांबलं की स्पीकरमधून अखंड घूं ऐकू यायचं. आपली वीज 50 हर्ट्‌झची, तिचा दुप्पट स्वर 100 हर्ट्‌झचा. काळी एकचा खालचा पंचम 104च्या आसपास. म्हणजे तंबोरा लावला की शेजारी कुणीतरी सतत उतरलेला पंचम लावून बसल्यासारखं. ज्याचा कान थोडाही तयार आहे त्याला ते सहन होत नाही.

वायरमन आला. त्यानं कान लावला आणि म्हणाला, "ताई, हे अर्थिंगचं लफडं आहे. पीसीची ही वरची पिन काढली की आवाज बंद." पक्कड लावून त्यानं संगणकाच्या प्लगची जाड पिन मोडली. घूं खरंच थांबलं. पुढे कित्येक दिवस सगळं छान चाललं होतं, आणि फसगत आहे ती इथेच.

पावसाळ्यातली गोष्ट. मुलगा आंघोळ करून ओल्या पायांनी खोलीत आला. रात्रीची वेळ, म्हणून स्पीकर नको, हेडफोन लावू म्हणून त्यानं कॅबिनेट हातानं धरून मागची हिरवी केबल उपसली. केबल निघाली त्याच क्षणी त्याचा हात झटकला गेला. कोपर उजव्या स्पीकरवर आदळलं, पेटी पाटावरून खाली आली आणि ट्वीटरचा घुमट आत बसला. "आई, डब्याला करंट आहे," एवढंच तो बोलला. त्याचा चेहरा पाहून मी आधी मेन स्विच बंद केला.

दुसऱ्या दिवशी आलेल्या वायरमनकडे मीटर होता. कॅबिनेट आणि अर्थ यांच्यामध्ये त्यानं मोजलं तर 110च्या वर व्होल्ट. कारण त्यानं उलगडून सांगितलं. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. विजेतला कचरा अर्थमध्ये जावा म्हणून ते मुद्दाम ठेवलेले असतात. अर्थ जोडलेली असेल तर तो किंचितसा प्रवाह निमूट निघून जातो. अर्थ तोडली की पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे 230च्या निम्म्यावर, 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. मग इतके दिवस का कळलं नाही? कारण ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून संगणकाचा पत्रा अँप्लिफायरच्या अर्थला जोडलेला होता. घरातल्या संगणकाची सगळी अर्थिंग एका केसाएवढ्या ऑडिओ वायरवर उभी होती. वायर उपसली, अर्थ गेली.

त्या कपॅसिटरमधून येणारा प्रवाह एक मिलीअँपियरहून कमी असतो. झिणझिण्या येतात, माणूस दचकतो, त्यानं सहसा जीव जात नाही. पण सप्लायमधलं इन्सुलेशन खरोखर फुटलं असतं तर पूर्ण फेज त्या पत्र्यावर आली असती. तिसरी पिन शाबूत असेल तर असा बिघाड होताच फ्यूज उडतो किंवा ट्रिपर पडतो. पिन नसेल तर गळती सुरू होते ती कुणीतरी हात लावल्यावर, म्हणजे ट्रिपर पडायला माणसाचं अंग मध्ये लागतं. भारतीय प्लगमध्ये ती पिन लांब आणि जाड का असते, तर लावताना ती सगळ्यात आधी जुळावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून.

घरघर का येते? संगणक एका सॉकेटच्या अर्थवर, अँप दुसऱ्याच्या. दोन्ही अर्थ वायरी वेगवेगळ्या वाटेनं जातात, त्यांच्यात थोडा विद्युतदाबाचा फरक असतो, आणि ऑडिओ केबलची जाळी त्या दोघींना जोडून एक वळसा पूर्ण करते. त्या वळशातून 50 हर्ट्‌झचा प्रवाह फिरतो आणि स्पीकरमध्ये ऐकू येतो. खात्री करायची तर लॅपटॉप घ्या, चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. घूं थांबलं तर चोर सापडला. इलाज साधा आहे. संगणक, स्क्रीन, अँप्लिफायर हे सगळं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, म्हणजे सगळ्यांची अर्थ एका जागी येते. आमच्याकडे तेवढ्यानं नव्वद टक्के आवाज गेला. उरलेल्यासाठी ऑडिओ केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवला. आत दोन इवले ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल पलीकडे जातो, पत्र्याला पत्रा जोडला जात नाही. काहीशे रुपयांची वस्तू. दोन्हीकडे ऑप्टिकल सोय असेल तर तिच्याहून उत्तम काही नाही, कारण त्या केबलमधून वीज जातच नाही, उजेड जातो. तोडायचाच असेल तर वळसा सिग्नलच्या बाजूनं तोडा, विजेच्या बाजूनं कधीच नाही.

एकच बोर्ड वापरायचा तर भिंतीतली अर्थ खरी हवी. वायरमनला बोलावून सॉकेटवर तीन मापं घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल 230च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. मधलं माप भलतंच कमी आलं तर त्या सॉकेटची तिसरी पिन नावापुरती आहे.

आवाजाची मर्यादाही लिहून ठेवते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्र धरली आहे 10 ते 6. खालचे स्वर भिंत आणि स्लॅब सहज ओलांडतात. तुम्हाला मंद वाटणारा तबल्याचा डग्गा खालच्या मजल्यावरच्या आजींच्या उशाशी वाजत असतो. दहानंतर मी हेडफोनच लावते.

आता पुन्हा अर्थिंगकडे. आमच्या इमारतीत सॉकेटची ती तीन मापं नीट आली नाहीत. शोध घेतला तेव्हा अर्थिंगचा खड्डा पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेलेला सापडला. वर्षानुवर्षं त्यात कुणी पाणी घातलं नव्हतं, पाइपाला जोडलेली पट्टी गंजून सुटली होती. पनवेल, कामोठे, खांदा कॉलनी परिसरात पंचवीस-तीस वर्षांच्या कितीतरी इमारती आहेत, आणि लिफ्ट, पाण्याची टाकी, रंगकाम यांवर तासन्‌तास बोलणाऱ्या सभांमध्ये या खड्ड्याचं नावही निघत नाही. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय लेखी द्या. खड्डा कुठे आहे, शेवटची तपासणी कधी झाली, रेझिस्टन्स किती ओहम आला, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. स्पीकर त्यानंतर आणा.