वाऱ्याचं तोंड आधी बघा

पोरांनो, दिवाळीनंतर सगळे मिळून अलिबागला विंडसर्फिंगला निघालात, बरं केलंत. जालनेकरांना समुद्राचं काय कळतं, असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत याच खेळात कांस्यपदक आणणारा इबाद अली भोपाळच्या तलावावर शिकला. पण आपली नजर धरणाच्या पाण्यावर तयार झालेली आहे. तिच्यातलं काय सोबत न्यायचं आणि काय घरी ठेवायचं, ते ऐका.

आपल्या नळाला ज्याचं पाणी येतं, तो नाथसागर आठवा. पैठणच्या भिंतीपासून पश्चिमेला जवळपास ५५ किलोमीटर लांब पाणी. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून सुटतो, त्याला पळायला एवढं मोकळं मैदान मिळतं, म्हणून भिंतीशी लाटा दणके देतात आणि वरच्या फुगवट्यात पाणी त्या मानाने निवांत असतं. म्हणजे वारा किती, याइतकंच तो किती लांबून मोकळ्या पाण्यावरून आला, हेही बघायचं. हे ज्ञान समुद्रावरही चालतं.

मात्र धरणात वारा पडला की लाटही पडते. समुद्रात तसं नाही. तिथे एक लाट जागच्या वाऱ्याची, आखूड आणि खडबडीत. दुसरी दुरून चालत आलेली. हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतात. अलिबागला झाडाचं पान हलत नसलं तरी येतात. म्हणून अंदाज बघताना नुसती लाटेची उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. एक मीटरची लाट चार-पाच सेकंदांनी येत असेल तर ती वाऱ्याची. तेवढीच लाट दहा-बारा सेकंदांनी येत असेल तर तिच्यात दम जास्त; उथळात आली की ती उभी राहते आणि शिडासकट माणूस आपटते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था हे अंदाज देते.

आता घरी ठेवायची गोष्ट. धरणात वाहत गेलात तरी कुठला ना कुठला काठ लागतो. ही खात्री आपल्या हाडात मुरलेली असते आणि समुद्रावर तीच घात करते. हिवाळ्यात पहाटे आणि सकाळी कोकणात मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा. काठाजवळ त्याला लाट उठवायला जागाच नसते, म्हणून पाणी परातीसारखं सपाट दिसतं. नवख्याला वाटतं, हीच वेळ. शीड धरलं की तो सरळ बाहेर जातो आणि पुढे गेल्यावर वारा, लाट दोन्ही वाढतात. त्या वेळी वाळूवरच बसा, चहा घ्या. दुपारी खारा वारा उलटून येतो, बहुतेक वायव्येकडून, तिरपा किनाऱ्याकडे. हात सुटले तरी तो काठाला आणतो. उतरायचं ते त्याच्यावर.

वाऱ्यासोबत भरतीही जुळवा. मुंबई-अलिबागकडे कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीचा तास ढोबळमानाने येतो. अष्टमीला सहा. म्हणजे सकाळी सहानंतर दुपारी बारापर्यंत ओहोटी, आणि नेमका तेव्हाच मतलईही बाहेर ओढणारा. अष्टमीला भांगाचं पाणी असल्याने ओढ कमी असते, तरीही सकाळ टाळा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. खाडीच्या तोंडाशी तर फिरकूच नका.

वेगाचं सांगतो. नवख्याला सहा ते दहा नॉट पुष्कळ. लाटांच्या माथ्यावर जागोजागी फेस दिसू लागला की वारा बाराच्या आसपास गेला समजा. दहाचा वारा चौदा झाला की शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो, दीडपट नव्हे. त्याच्या आधीच शीड लहान करा किंवा बाहेर या.

तुमच्यात दोघं-तिघं तयार आहेत, बाकीचे पहिल्यांदाच. दिवस ठरवायचा तो सगळ्यात कच्च्या गड्याच्या मापाने. हे तयार गड्यांना आवडत नाही, पण ते तिथल्या प्रशिक्षकाला विचारून नंतर हवं तेवढं खेळू शकतात. जोड्या करा. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, पट्टे आवळलेले. आधी वाऱ्याच्या अंगाला चढा, म्हणजे थकल्यावर परत येणं सोपं. शीड उचलता येत नसेल तर फळी सोडून पोहायला लागू नका. फळी बुडत नाही आणि लांबून दिसते.

एकजण काठावर बसवा, मोजत राहणारा, आळीपाळीने. तटरक्षक दलाचा बचावासाठीचा क्रमांक १५५४ आहे. जो काठावर बसेल त्याच्या फोनमध्ये तो निघण्यापूर्वीच घालून ठेवा.