आधी पालथी पड, मग फ्रिज ओढ

अगं, कंबर कशी आहे? आईचा सकाळीच फोन आला होता. ‘धाकटीने एकटीने फ्रिज ओढला, आता तो स्वयंपाकघरात मधोमध उभा आहे आणि ती पलंगावर आडवी.’ आईच्या आवाजात काळजीपेक्षा कौतुकच जास्त होतं, म्हणून म्हटलं तुझ्याशी जरा बोलावं. घट बसायच्या आधी घर काढायचं म्हणजे सगळं सामान जागचं हलवायचंच, हे तुझ्या-माझ्या डोक्यात आईनेच भरलंय. तिच्या वेळी घरात दहा माणसं होती गं. शिवाय फ्रिज मांडीएवढा होता.

मी आता काय करते सांगू? कशालाही हात लावायच्या आधी मोबाईलची बॅटरी लावून चक्क पोटावर पालथी पडते आणि बघते. निम्म्या वेळा काही ओढावंच लागत नाही. पडद्याची जुनी काठी घे, तिला जुना बनियन गुंडाळ, रबर लाव, फडकं किंचित ओलं कर आणि आत घालून हळू ओढत बाहेर आण. कोरडा झाडू घालू नकोस. त्याने धूळ जात नाही, फक्त जमिनीवरून उठून तुझ्या नाकात बसते.

लोखंडी कपाट तर मी हलवतच नाही. त्यामागच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले असतील तरच. तेव्हाही आधी ते रिकामं करायचं आणि दारं कुलूपबंद करायची. ओढताना दार उघडलं की सगळा भार पुढे येतो आणि कपाट अंगावर झुकतं. परत लावताना भिंतीपासून चार बोटं लांब ठेव, वारा खेळतो.

फ्रिजचं मात्र तुझं बरोबर होतं, तो ओढावाच लागतो. चूक एवढीच की एकटीने आणि तिरका ओढलास. पुढच्या पायांना आटे असतात. ते फिरवून वर घेतले की बऱ्याच फ्रिजचा भार चाकांवर येतो. चाकं नसतील तर पायांखाली जुनी सतरंजी सरकवायची आणि दोघांनी सरळ रेषेत ओढायचा. आता बाहेर आलाच आहे तर पिन काढ. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असते. तुझ्याकडच्यासारख्या नव्यांना बहुधा नसते, खाली कोपऱ्यात कॉम्प्रेसर तेवढा दिसतो. तिथे धुळीची गोधडी बसली की आतली उष्णता बाहेर पडत नाही, मोटर जास्त वेळ चालते आणि वीजबिल वाढतं. मऊ ब्रशने झाड. बारीक तांब्याच्या नळ्या आहेत ना, त्यांना धक्का लावू नकोस. एखादी वाकून फुटली तर गॅस गेलाच म्हणून समज.

आणि कॉम्प्रेसरवरचा तो छोटा ट्रे बघ. फ्रिजमधला बर्फ वितळून त्याचं पाणी तिथे येतं आणि मोटरच्या उष्णतेने उडून जातं. पण पावसाळ्यात सगळं उडत नाही, साचून राहतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरी येऊन ‘फ्रिजचा ट्रे दाखवा’ म्हणतात ना, ते याचसाठी. तो दर आठवड्याला कोरडा करायचा. हात पोचत असेल तर त्यासाठी फ्रिज ओढायलाही नको.

झुरळं तिथे असणारच, मोटरची ऊब त्यांना आवडते. बोरिक पावडर, साखर आणि कणकेच्या गोळ्या आई करते, पण तुझ्या घरात रांगतं बाळ आहे. त्या गोळ्या त्याच्या हाताला लागतील अशा ठेवायच्याच नाहीत. आणि तेलकट चिकटा काढायला गरम पाणी, खायचा सोडा, भांड्यांचा साबण पुरे. ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एकत्र तर कधीच करू नकोस, विषारी वायू निघतो.

वॉशिंग मशिनची मात्र माझीच फजिती ऐक. नळ बंद न करता मी ते पुढे ओढलं, पाइप निसटला, आणि खालच्या काकू छत्री घेऊन वर आल्या. खरंच छत्री घेऊन! समोरून उघडणाऱ्या मशिनमध्ये काँक्रीटचं वजन घातलेलं असतं, ते साठ-सत्तर किलोचं धूड. ते राहू दे जागेवर. खाली कोपऱ्यात झाकण असतं, त्यामागचा फिल्टर ताटली धरून साफ कर, झालं.

ओट्याखालीही एकदा डोकाव. सिलेंडरच्या नळीवर तारीख असते, पाच वर्षं झाली असतील तर नळी बदल.

तुला एक सांगितलं नव्हतं. माझी लग्नातली मोत्याची कुडी हरवली होती, आठवतं? तेव्हा मी कामाच्या मावशींना तोंडाने काही म्हटलं नाही. फक्त त्या आल्या की बेडरूमला कुलूप लावायला लागले. त्यांना कळलं. पुढच्या महिन्यात त्यांनी काम सोडलं. चार वर्षांनी रंगकामासाठी दिवाण हलवला, तर मागच्या पायाशी, केसांच्या गुंत्यात कुडी. दिवाणाखाली मी तेव्हा बघितलं नव्हतं असं नाही. बघितलं होतं, उभ्या उभ्या. मावशींचा जुना नंबर आता लागत नाही. ती जोडी मी घालत नाही.

असो. फ्रिज बंद ठेवलास तर दूध आणि मासे शेजारी ठेवून दे. रविवारी अकराला येते मी. तुझा नवरा आणि मी मिळून ढकलू. तू फक्त बॅटरी धरायची आणि डावं-उजवं सांगायचं. तोवर फ्रिज ढकलायला जाऊ नकोस. आणि त्यातला बेसनाच्या लाडवांचा डबा तेवढा आधीच बाहेर काढून ठेव.