कायम नोकरीविना घरासाठीं कर्ज

अलोरे भागांतील शेतकऱ्यास पगार नसतो, म्हणून घरासाठीं कर्ज मिळतच नाहीं असें नव्हे. बँक दोन गोष्टी पाहते: फेडीची ऐपत आणि तारणावरील निर्वेध हक्क. ऐपतीच्या पुराव्यासाठीं आंबा-काजूच्या विक्रीच्या पट्ट्या जपाव्या, पैसे खात्यांतच घ्यावे व जोडधंदा असल्यास प्राप्तिकराचें विवरणपत्र दरवर्षीं भरावें.

हक्काची अडचण मोठी. सातबाऱ्यावर आजोबांपासूनचीं सामाईक नांवें असतात. एक सही मुंबईस अडते आणि प्रकरण पडून राहतें. सबब प्रथम वारसनोंद करावी. नंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ८५ अन्वयें सर्वांच्या संमतीनें वाटप करून फेरफार मंजूर करून घ्यावा.

हप्ता दरमहा, आंबा मात्र वर्षांतून एकदांच. म्हणून सहा हप्त्यांची रक्कम आधीं शिल्लक राखावी. हप्ते थकल्यास तेंच घर जातें.