नदीचे पाणी, भोवतालची जमीन व ऋतु

नदी म्हणजे केवळ तिचे पात्र, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ज्या ज्या उतारावरून पावसाचे पाणी तिच्याकडे येते, ती सर्व जमीन नदीचीच होय. आणि त्या जमिनीवर माणसे व गुरे जी घाण करितात, ती केव्हा ना केव्हा पाण्यात उतरते. पटकी, विषमज्वर, आमांश व एका प्रकारची कावीळ हे रोग ह्याच वाटेने घरात शिरतात. ह्या पाठात आम्ही जमीन, ऋतु व उपाय ह्या तीन गोष्टींचा विचार करणार आहो.

१. जमीन. ज्या काठावर झाडी व दाट गवत असते, तेथे वाहते पाणी मंदावते, गाळ व मळ गवतात अडतो आणि बरेचसे पाणी भूमीत मुरते. तीच झाडी तोडून काठापर्यंत नांगर घातला म्हणजे ओढा गढूळ होतो, व गाळाच्या कणांस चिकटून जंतूही येतात. गुरांचे शेणही निरुपद्रवी समजू नये. कॅनडातील वॉकर्टन गावी मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला, व शेतात घातलेल्या शेणखतातील जंतु गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन नीट घातले जात नव्हते. सुमारे २,३०० लोक आजारी पडले व ७ दगावले. त्या शेतकऱ्याने खत रीतीप्रमाणेच घातले होते. यावरून पाणी कोठून घ्यावे ह्याचा विचार किती अवश्य आहे हे दिसते.

२. ऋतु. उन्हाळ्यात प्रवाह आटतो, तेव्हा थोडी घाणही डोहातील थोड्या पाण्यास पुरेशी होते. पहिल्या पावसात कित्येक महिने साचलेला मळ एकदम वाहून येतो. म्हणून ते पाणी विशेष भयाचे. पुढे पूर आला म्हणजे पाणी वाढते खरे, परंतु तळाचा गाळ ढवळतो व नाले तुंबतात. हिवाळ्यात पाणी निवळ दिसते, तथापि थंड पाण्यात कित्येक विषाणु अधिक काळ टिकतात. बंगालच्या खाडीमुखाच्या प्रदेशात पटकीचा जोर पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असा वर्षातून दोनदा होत आलेला आहे.

दिल्लीचे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९५५ साली यमुनेस पूर येऊन गेल्यावर प्रवाह सरकला, आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वजिराबाद येथे शहराचे पाणी घेतात त्या जागेपर्यंत उलट चढले. क्लोरीन वाढविल्यामुळे विषमज्वर वाढला नाही. परंतु कावीळीचा विषाणु त्यातूनही वाचला, व सुमारे २९,३०० लोकांस कावीळ झाली. गरोदर स्त्रियांस ही कावीळ फार घातक ठरते. हा विषाणु १९८३ मध्ये प्रथम दृष्टीस पडला; त्यास आता हेपटायटिस ई म्हणतात.

३. उपाय. पाणी प्रथम गाळावे. बांगलादेशातील खेड्यांत जुनी सुती साडी चौपदरी करून तीतून पाणी गाळल्याने पटकी जवळजवळ निम्म्याने घटली, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. कारण पटकीचे जंतु पाण्यातील सूक्ष्म जीवांस चिकटून असतात. परंतु सुटे जंतु कापडातून जातात. यास्तव गाळल्यावर पाण्यास एक मिनिट खळखळून उकळी आणावी, व ते झाकून ठेवावे. पहिल्या पावसानंतर व पूर ओसरताना ह्यात मुळीच हयगय होऊ नये. घरात गरोदर स्त्री किंवा तान्हे मूल असल्यास तर नाहीच नाही. गुरांस काठापासून दूर पाणी पाजावे, काठाला गवताचा पट्टा राखावा, आणि शौचकूप व उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगास कधीही करू नये.

विचारासाठी प्रश्न. (१) आपल्या पाणवठ्याच्या वरच्या अंगास काय काय आहे? (२) वर्षातील कोणत्या आठवड्यांत तेथील पाणी सर्वांत अधिक भयाचे असते? (३) दिल्लीस क्लोरीन घालूनही कावीळ का पसरली?