डेटाबेस इन्स्टॉल होत नाही? आधी हे बघा



आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. होडीवार मासळीचा हिशेब कॉम्प्युटरवर चढवायला हाच वेळ बरा. त्यासाठी एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस मोफत मिळतं. इन्स्टॉल करताना अडलं तर आम्ही हा क्रम पाळतो:

१) जुन्या नोंदींचा बॅकअप आधी पेन ड्राइव्हवर घ्या. कोणाचं किती देणं आहे, ते सगळं त्यातच असतं.

२) सेटअपवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा.

३) फेल झालं तर लगेच पुन्हा इन्स्टॉल करू नका. जाळं कुठे फाटलंय ते बघूनच आपण शिवतो ना? 'सेटअप बूटस्ट्रॅप'च्या 'लॉग' फोल्डरमधली 'समरी' फाइल उघडा. 'फेल्ड' कशापुढे लिहिलंय ते वाचा.

४) विंडोज ११ च्या नव्या मशीनवर इंजिनच सुरू होत नसेल, तर डिस्कचा सेक्टर ४ केबीपेक्षा मोठा आहे का, ते तपासून घ्या. तसा असेल तर एसक्यूएल सर्व्हर चालत नाही. याची दुरुस्ती रजिस्ट्रीत होते, ती जाणकाराकडूनच करून घ्या.

तरीही अडलं तर 'समरी'चा फोटो घेऊन ऑफिसात या, मिळून बघू.