मायस्थेनिया आणि बायपास: तिरोडीहून नागपूरला निघण्याआधीचा हिशेब

बायपासचं पॅकेज किती, एवढं विचारून घरचे निर्धास्त होतात. पेशंटला मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंच्या अशक्तपणाचा आजार असेल तर मात्र बिल चढतं ते ऑपरेशननंतर, व्हेंटिलेटरवर. भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ती रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियमसारखी औषधं अशा पेशंटला थोडी दिली तरी फार चढतात. त्यांचा असर उतरला नाही तर नळी निघत नाही आणि आयसीयूचे दिवस वाढत जातात.

म्हणून सर्जनइतकंच भूलतज्ज्ञाला आधी गाठा. पेशंट मायस्थेनियाची मेस्टिनॉन गोळी रोज किती घेतो, आजार किती वर्षांचा, हे लिहूनच न्या. 6 वर्षांहून जुना आजार, दिवसाला 750 मिलिग्रॅमवर ही गोळी, फुफ्फुसाची क्षमता 2.9 लिटरच्या खाली: हे निकष मुळात थायमसच्या ऑपरेशनांवरून ठरले, पण यातलं काही जुळत असेल तर व्हेंटिलेटरचे जादा दिवस हिशेबात धराच. स्नायूंची ताकद मोजणारं ‘ट्रेन ऑफ फोर’ यंत्र आणि सुगामाडेक्स हे उताऱ्याचं औषध हॉस्पिटलात आहे का, ते पॅकेजमध्ये धरतात का, हे स्पष्ट विचारा. हृदयाच्या ऑपरेशनात सर्रास देतात ते मॅग्नेशियम, तसंच जेंटामायसिन हे अँटिबायोटिक या आजारात अशक्तपणा वाढवतात. आठवण करून द्यायला लाजू नका.

सगळ्यात मोठा आकडा इम्युनोग्लोब्युलिनचा. ऑपरेशनआधी ताकद आणायला किंवा आजार अचानक बळावला तर ते देतात, साधारण किलोमागे 2 ग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 120 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या. एका बाटलीचा भाव विचारा, गुणाकार करा, आणि प्लाझ्मा बदलण्याचा खर्चही शेजारी मांडून बघा.

घरात ड्युशेन या स्नायूंच्याच दुसऱ्या आजाराचं पोर असेल तर त्याच्या भुलीचा नियम आणखी कडक आहे: सक्सिनिलकोलीन अजिबात नको, त्याने हृदय बंद पडू शकतं. फाइलवर लाल शाईने लिहून घ्या.

तिरोडी मध्य प्रदेशात, त्यामुळे महाराष्ट्राची फुले योजना तिथल्या राशन कार्डावर मिळत नाही. आयुष्मान कार्ड मात्र नागपूरच्या यादीतल्या हॉस्पिटलात चालतं: कुटुंबाला वर्षाला 5 लाख, जुना आजारही धरून. भरतीआधीचे 3 आणि सुट्टीनंतरचे 15 दिवस त्यातच येतात. महिनाभर आधी केलेल्या तपासण्या त्यामुळे खिशातून जातात. व्हेंटिलेटर लांबला तर वाढीव मंजुरी कोण मागणार, हे आयुष्मान मित्राला भरतीच्या दिवशीच विचारा. हॉस्पिटलचं नाव 14555 वर तपासा. मॉयल या मँगनीज खाण कंपनीची नोकरी असेल तर कंपनीची वैद्यकीय सोय आधी बघा.

हृदयाच्या ऑपरेशनसाठी जाणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला रेल्वेत सेकंड, स्लीपर, थर्ड एसीत 75 टक्के सवलत आहे. तिचा ठराविक फॉर्म हॉस्पिटलकडून भरून, सही-शिक्क्यासह तिकीट काढण्याआधी हाती हवा.